सात फिल्टर, एक बादली

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. (भरपूर लिहिलंय, कारण एक तर ते फुकट असतात आणि दुसरं, तुला ते लागणार आहेत.) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. माझे गुडघे बरे नाहीत, पण ते कधीच बरे नव्हते, तेव्हा ती काही बातमी नव्हे. तुझी तब्येत कशी आहे, तुझ्या बायकोची पाठ कशी आहे, तुमची मांजर व्याली का, हे सगळं मी विचारलं असं तू समज आणि सगळ्याची उत्तरं 'छान' अशी आली असं मी समजते, कारण आज मला वेळ नाही. आधी ऊठ. गाडीची किल्ली खिळ्यावरून काढ आणि बायकोच्या हातात दे. तिला म्हणावं, अक्काचं पत्र वाचून संपेपर्यंत मी किल्ली मागितली तरी द्यायची नाही. ती देणार नाही, माझी खात्री आहे. तुमच्या घरात अक्कल आणि किल्ली एका जागी ठेवायची असेल तर ती जागा तिचीच. दिलीस? मग बस आता.

तू म्हणशील, एवढंच होतं तर फोन करायचा. केला होता रे बाबा. कालपासून अकरा वेळा केला. तू उचलत नाहीस, कारण तू चार महिने माझ्यावर रुसून बसला आहेस. तू गाडीला निळा रंग दिलास, सगळी सासुरवाडी गोळा करून तो दाखवलास, आणि मी म्हणाले की किडक्या दातावर सोन्याची टोपी. मी हळूच म्हणाले होते. (माझं हळूच किती लांब ऐकू जातं ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) तुझे दोन्ही मेहुणे हसले, त्याला मी काय करू? तेव्हापासून तू सर्विसिंगला भाच्याच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या, गॅरेजात येतोस, बाहेर बाकावर बसून माझ्याच हातचा चहा पितोस आणि कप परत देताना भिंतीकडे बघत 'घ्या' म्हणतोस. तुझं शेंबडं नाक ज्या बहिणीनं पुसलं तिला 'घ्या'! सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात, तुझा तर सुंभही जळायला तयार नाही. असो. हे पत्र पाववाल्याच्या हाती देतेय. त्याची गाडी सकाळी सगळ्यांत आधी तुमच्या गल्लीत येते, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खिडक्यांच्या काचा गाडीत भरून तू निघायच्या आत तुला मिळेल.

आता मुद्दा. भाच्याच्या गॅरेजात गेल्या सोमवारी सात गाड्यांचं तेल बदललं. त्यातली एक तुझी. त्या सातांपैकी एकीचं इंजिन आतून झिजतंय आणि कधीही जाम होईल. ती कुठली, हे कळायचा पुरावा गॅरेजात होता. तो पुरावा मी स्वतःच्या हातांनी, घासून, स्वच्छ धुऊन टाकला. लोकांच्या गाड्यांना किडके दात म्हणणाऱ्या तुझ्या बहिणीनं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ती म्हण ज्यानं कुणी केली त्यानं मला आधी कुठेतरी पाहिलेलं असणार.

हे कसं झालं ते नीट सांगते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे, तू भेटायला आला नव्हतास. ऑपरेशननंतर मला इतकं स्वच्छ दिसायला लागलं की घरात राहणं मुश्कील झालं. माझं नव्हे, बाकीच्यांचं. सुनेच्या फडताळावरची धूळ, पंख्याच्या पात्यांवरची कोळिष्टकं, लेकाच्या कानातले केस, सगळं दिसायचं आणि दिसलं की तोंडातून निघायचं. पंधरा दिवसांनी लेक म्हणाला, "आई, तू उद्यापासून गॅरेजात ये. मला तुझ्या डोळ्यांची गरज आहे." मी फुगले. (सुनेनं त्या दिवशी दुपारी गाणं म्हटलं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.)

तुझा भाचा कामाला काटेकोर आहे. इतर गॅरेजवाले तेलाचा जुना फिल्टर काढतात आणि कचऱ्यात टाकतात. हा तो फेकत नाही. फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, तू पाहिलेलाच आहेस. हा त्याचं बूड गोल कापतो आणि आतला कागद बाहेर काढतो. पंख्यासारख्या चुण्या घातलेला लांब कागद असतो तो. तो पिळून ताटलीत पसरायचा, गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावायची आणि भिंग घेऊन एकेक चुणी बघायची. कुठल्या घरात काय खातात ते त्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात दिसतं की नाही? तसंच इंजिनात काय झिजतंय ते फिल्टरात दिसतं. नुसता काळा चिकटा असला तर काळजी नाही. एखाद-दुसरा पांढरा कण चमकला तर लक्ष ठेवायचं. पिवळसर कण दिसले तर गाडी जागची हलवायची नाही. मग वहीत लिहायचं. शेरे तीनच: 'ठीक', 'लक्ष ठेवा' आणि 'गाडी उभी करा'. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण एवढं मला लिहिता येतं. पन्नास वर्षं तांदूळ निवडलेत, खडा काय आणि कणी काय हे मला कुणी शिकवायला नको.

तर मला खिडकीजवळ उंच स्टूल मिळालं, भिंग मिळालं, वही मिळाली. गिऱ्हाइकं 'तपासणीवाल्या आजी' म्हणायला लागली. मी ड्रायव्हर लोकांना त्यांच्या गाडीच्या तब्येतीबद्दल दोन शब्द सुनवायची, ते मान खाली घालून ऐकायचे. धाकट्या, तुला खरं सांगते, उभ्या आयुष्यात मान खाली घालून माझं कुणी ऐकलं नव्हतं. तुझे भावजी तर झोपेतही उलट बोलायचे. एकच गोष्ट मनात राहून गेली होती. दोन महिन्यांत मला 'गाडी उभी करा' हा शेरा एकदाही लिहायला मिळाला नव्हता. सगळे मेले 'ठीक'. कुणाचं तरी इंजिन बिघडावं म्हणून मी रोज सकाळी आशेनं भिंग पुसायची. माणसाचं मन किती हलकं असतं बघ.

त्या सोमवारी एकदम सात फिल्टर आले. लेकानं ते कापले, ताटल्यांत मांडून दिले, आणि तो काही सामान आणायला बाजारात गेला. कागद बघते तर डांबरासारखे काळे. चुण्या सुटेनात, काही दिसेना. आता, लेकाला एखाद्या कागदाचा संशय आला की तो काय करतो हे मी पाहिलं होतं. वाटीत रॉकेल घेऊन त्यात तो कागद खळबळतो, ते रॉकेल पांढऱ्या फडक्यातून गाळतो आणि फडक्यावर काय उरतं ते बघतो. म्हटलं, आपणही तसंच करू. तो वाटीत एकेक कागद वेगळा धुतो हे मी पाहिलं होतं. वेगळा का, हे विचारावं असं डोक्यात आलं नाही. मी जन्मभर आठ माणसांचे कपडे एका बादलीत भिजवले. याचा मळ त्याच्या सदऱ्याला लागला म्हणून कुणी मेलं नाही. शिवाय सात वाट्या रॉकेल कशाला घालवायचं? बादली आणली, तारेच्या घासणीनं घासून लखलखीत केली (घासणी लक्षात ठेव, ती पुढे परत येणार आहे), दोन वाट्या रॉकेल ओतलं आणि सातही कागद तिच्यात सोडले. काय सुरेख धुतले म्हणून सांगू! बाळाच्या लंगोटांसारखे दोरीवर वाळत घातले आणि ज्याची चिठ्ठी त्याला लावली. त्यात माझी चूक नव्हती, एकही नंबर इकडचा तिकडे झाला नाही. फक्त सातांतल्या एकाही कागदावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्या वर्गाच्या पाट्या ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि मग मार्क द्यायला बसायचं, तशी मी भिंग घेऊन बसले.

मग बादलीतलं रॉकेल गाळलं. फडक्यावर काय चमकलं रे! माशाच्या पोटासारखं. पांढरं, पिवळं, झगझगीत. मी अगदी खूश झाले. म्हटलं, सापडलं! आज आपला शेरा! वही उघडली, पेन उचललं, 'गाडी' एवढं लिहिलं, आणि मग हात थांबला. कुठली गाडी? सात बायकांनी एका बादलीत हात धुतले आणि एकीची अंगठी हरवली अशा गोष्टी आपण ऐकतो. इथे अंगठी सापडली होती आणि बाई हरवली होती.

इतक्यात लेक आला. म्हणाला, "झालं का गं आई?" म्हटलं, "झालं." म्हणाला, "काय निघालं?" आणि धाकट्या, या तोंडाला उलट उत्तराशिवाय काही येत नाही असं तू म्हणतोस ना, त्या तोंडातून इतकं गरीब 'ठीक' निघालं की मलाच ते कुणा दुसऱ्या बाईचं वाटलं. 'गाडी' खोडलं आणि सात वेळा 'ठीक' लिहिलं. सातवं 'ठीक' जरा वाकडं आलं, पण माझं अक्षर मुळातच असं की वाकडं वेगळं कळत नाही. लेकानं सातही गाड्यांना नवे फिल्टर लावले, नवं तेल भरलं. संध्याकाळी सगळ्या गाड्या आपापल्या घरी गेल्या. फडकं मी घडी करून रिकाम्या औषधाच्या डबीत लपवलं.

तू विचारशील, लेकाला तिथल्या तिथे का नाही सांगितलं? तो ओरडला असता तर सांगितलं असतं. तो ओरडत नाही. गप्प बसतो, हात पुसतो आणि म्हणतो, "असू दे." ते 'असू दे' मला चपलेपेक्षा जास्त लागतं. आणि खरं कारण म्हणजे स्टूल गेलं असतं. सगळं आयुष्य जमिनीवर बसून काढलेल्या बाईला उंच स्टूल मिळालं की ती काय काय करते, त्याचाच हा सगळा पुरावा.

दुसऱ्या दिवशी तवा घासताना घासणीचे बारीक तुकडे बोटाला लागले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. घासणी! बादली मी घासणीनं घासली होती! चमकणारं ते सगळं घासणीचंच! फ्रिजच्या दारावर नातीनं बदकाच्या आकाराचं चुंबक लावलंय, ते काढलं आणि डबीतल्या फडक्यावर फिरवलं. पांढरं सगळं भराभर बदकाच्या पोटाला जाऊन चिकटलं. मी एकटीच इतकी हसले की सून आतून म्हणाली, "सासूबाई, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, आज पहिल्यांदा बरं वाटतंय. मग फडक्याकडे पाहिलं. पांढरं गेलं होतं. पिवळं तिथेच होतं. चिमूटभर, हळदीएवढं. बदक कितीदा फिरवलं, ते हलेना.

नात कॉलेजात यंत्रांचंच शिकते. तिला म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीच्या फिल्टरात असं असं निघालं. नात म्हणाली, "आजी, तुझ्या कुठल्या मैत्रिणीकडे गाडी आहे? तुझ्या मैत्रिणी तर रस्ता ओलांडतानासुद्धा भांडतात." पण सांगितलं तिनं. पिवळं म्हणजे तांबं. ते चुंबकाला दाद देत नाही. इंजिनाच्या आत बेअरिंग असतं, त्याचा वरचा मऊ थर झिजला की खालचं तांबं सुटायला लागतं. म्हटलं, मग होतं काय? म्हणाली, "काही होत नाही. गाडी चालते, चालते, चालते, आणि एके दिवशी," असं म्हणून तिनं मूठ आवळली. "जाम. चढावर असली तर देवाचं नाव अर्धं होईपर्यंत वेळ मिळेल. तुझ्या मैत्रिणीला सांग, गाडी हलवू नको म्हणावं." सांगते म्हटलं. पण सांगू कुणाला? मैत्रिणी सात होत्या.

म्हणून मी ठरवलं की आपण धुतलेलं आपणच शोधायचं. उशीचा एक पांढरा अभ्रा घेतला, पेन्सिलीनं त्याचे सात चौकोन केले. प्रत्येक गाडीपाशी जायचं, तेल मोजायची दांडी बाहेर काढायची, एक थेंब चौकोनात पुसायचा आणि उन्हात भिंगातून बघायचा. तेल नवं कोरं भरलेलं. दोन-चार दिवसांत त्यात पिवळी चमक उतरली असेल तर तीच आपली मैत्रीण. ड्रायव्हरांना सांगायचं, गॅरेजतर्फे मोफत तपासणी आहे.

पाववाल्याकडे पहिली गेले. त्यानं काही विचारलं नाही, उलट एक गरम पाव दिला. चौकोन स्वच्छ. शाळेच्या बसपाशी गेले तेव्हा मुलं चढत होती. बस चालवणारी बाई बरीच फटकळ आहे (मला आवडते). ती म्हणाली, "आजी, फिल्टर परवा तुम्हीच ठीक म्हणालात ना? मग आज परत नाडी कशाला?" तेवढ्यात खिडकीतून एक पोरगी ओरडली, "आजी बसचा ताप बघतायत!" आणि मग चाळीस पोरांनी "आजी, किती आलाय?" असा धोशा लावला. चौकोन स्वच्छ. पाण्याच्या टँकरचं बॉनेट उघडायचं म्हणून मी जो खटका ओढला तो बॉनेटचा नव्हता. चौकोन स्वच्छ, मीही स्वच्छ, अगदी नखशिखांत. घरसामान हलवणाऱ्या ट्रकवाल्यानं मला आरसा धरून उभं केलं. कपाट उतरेपर्यंत एवढा धरा म्हणाला. मी तासभर त्या आरशात स्वतःचं तोंड बघत उभी होते. तोंडभर तेल, केसांत जळमट, बगलेत अभ्रा. शिक्षा म्हणून एवढी पुरेशी होती, पण तिथेही चौकोन स्वच्छच निघाला.

पाचवी शववाहिनी. तो ड्रायव्हर अतिशय सभ्य. मी गाडीच्या मागच्या बाजूनं आले तर म्हणाला, "आजी, इंजिन पुढे आहे. मागच्या बाजूला अजून वेळ आहे तुम्हाला." मी म्हटलं, तुझी गाडी वाटेत बंद पडली तर? म्हणाला, "पडू दे की. उशीर झाला म्हणून माझ्या कुठल्याही प्रवाशानं आजवर तक्रार केली नाही." चौकोन स्वच्छ.

सहावी रुग्णवाहिका. मला सगळ्यांत जास्त धास्ती होती ती हिचीच, कारण हिच्यातल्या माणसांना मात्र घाई असते. दवाखान्याच्या फाटकापाशी ती उभी दिसली आणि मी पळत सुटले. गुडघ्यांनी फाटकापाशीच राजीनामा दिला. मी गाडीच्या दाराला टेकून धापा टाकत उभी, हात काळे, तोंड काळं, अभ्र्यावर पाच काळे डाग. मला बोलायला दम मिळेपर्यंत ड्रायव्हरनं आणि त्याच्या मदतनिसानं मला उचलून आडवी केलीसुद्धा. मी सांगतेय, अरे मला नाही, गाडीला बघायचंय, तेलाची दांडी काढा! ते म्हणतायत, हो आजी, काढतो हं, शांत पडा. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं काय होतंय. मी सगळं खरं सांगितलं. फिल्टर, बादली, बदक, सात मैत्रिणी. त्यांनी कागदावर लिहिलं, मी भिंगातून वाचलं: 'रुग्ण असंबद्ध बोलते.' तासाभरानं रक्तदाब बघून सोडलं. जाताना ड्रायव्हरला माझी दया आली, दांडी त्यानंच काढून दिली. चौकोन स्वच्छ.

सहा चौकोन स्वच्छ आणि सातवा कोरा. काल दुपारी अभ्रा मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले आणि कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. धाकट्या, इथून पुढचं पटकन लिहिते, कारण ते लिहायला मला आवडत नाहीये. तुझी गाडी मी शेवटची ठेवली ती लांब म्हणून नव्हे. तुझ्याशी आधी कोण बोलणार, म्हणून. तुझ्या दारात येऊन, तुझ्या त्या निळ्या गाडीचं बॉनेट उघडायची परवानगी मी मागायची? म्हटलं, आधी बाकीच्या सहा बघू, त्यांतच सापडेल, मग तुझ्याकडे यायलाच नको. त्या सहांत माझे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत तू रोज काचा भरून तुमच्या गल्लीपुढचा तो उभा चढ चढलास, आणि मी शववाहिनीचं तेल तपासत होते. शहाणपणाचा माझा डंका तुला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून हे मुद्दाम तुलाच लिहितेय.

तर गाडी सुरू करायची नाही. अंगणातून रस्त्यापर्यंतसुद्धा नाही. 'एवढी एकच खेप' हे तुझं वाक्य मनातही आणायचं नाही. काचा कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गाडीतून पाठव, नाहीतर गिऱ्हाइकाला म्हणावं, दोन दिवस वाऱ्यावर बस. भाच्याला कळव, तो दोर लावून गाडी ओढत आणेल. बेअरिंग बदललं की इंजिन वाचेल, असं नात म्हणते. तुझ्या बायकोला आशीर्वाद, मांजरीलाही.

तुझी थोरली बहीण,
अक्का

ता. क. पत्राचं खरं काम आता सांगते. भाच्याला कळवशील तेव्हा माझं नाव काढायचं नाही. इंजिनातून टकटक आवाज येतो, असं तूच म्हण. तुझे कान तीक्ष्ण आहेत असं मी चारचौघांत सांगेन. वहीत तुझ्या गाडीपुढे माझ्या हातचं 'ठीक' आहे, ते तेवढं तसंच राहू दे. म्हातारीला एक स्टूल आहे रे, दुसरं काय आहे?

आणखी एक ता. क. किडक्या दाताचं बोलले ते मी परत घेणार नाही, कारण ते आता खरं निघालंय. पण तुझ्या मेहुण्यांसमोर बोलायला नको होतं. याला माफी म्हणतात की नाही ते मला माहीत नाही, तिसरीपर्यंत शिकवलं नव्हतं.

शेवटचा ता. क. पाकीट मागायला लेकाकडे गेले. तो म्हणाला, "कुणाला लिहिलंस एवढं?" आणि माझ्या हातातून कागद घेऊन उभ्या उभ्या चारही पानं वाचली. मी भिंतीकडे बघत होते. (भिंतीकडे बघून काय वाटतं ते मला आता कळलं.) वाचून झाल्यावर तो म्हणाला की फिल्टर कापतानाच तो प्रत्येक कागद स्वतः बघतो आणि शेरा स्वतःच्या वहीत लिहितो. माझी वही गेल्या दोन महिन्यांत फक्त नातीनं उघडली होती, हसायला. स्टूल मला सुनेच्या फडताळापासून लांब ठेवण्यासाठी होतं. म्हणजे ज्या खुर्चीसाठी मी हे सगळं रामायण केलं ती खुर्ची मुळात खोटीच. मी म्हटलं, मग तू बघितलंस तेव्हा काय लिहिलंस? त्यानं स्वतःची वही उघडली. सात वेळा 'ठीक'. त्यालाही दिसलं नव्हतं. मी औषधाची डबी काढून समोर ठेवली. त्यानं भिंग घेतलं, पिवळ्याकडे किती तरी वेळ पाहिलं, हात पुसले. मी 'असू दे' ऐकायची तयारी केली. त्यानं सरळ तुला फोन लावला.

त्याचा फोन तू पहिल्या घंटेला उचललास. ठीक आहे. आवाज मोठा केलेला होता, मी सगळं ऐकलं. गाडी दारात उभीच आहे हे ऐकलं तेव्हा बरं वाटलं. मग त्यानं विचारलं, मामा, तेलाचा लाल दिवा लागला होता का? आणि तू म्हणालास, दिवा तीन दिवस लुकलुकत होता, डोळ्यांत येत होता, म्हणून मी त्यावर काळी पट्टी चिकटवली. धाकट्या! माझा लेक डोक्याला हात लावून खाली बसला आणि मी बाकावर बसून पोट धरून हसले. खाण तशी माती. एकीनं पुरावा धुतला आणि दुसऱ्यानं इशाऱ्यावर पट्टी लावली. आपल्या आईनं आणखी एखादं मूल केलं असतं तर त्यानं गाडी विकून पेट्रोल भरलं असतं.

मग लेकानं त्याची वही, खरी वही, माझ्यापुढे सरकवली, पेन दिलं आणि म्हणाला, "तूच लिही." तुझ्या गाडीच्या नंबरापुढचं त्याचं 'ठीक' मी खोडलं आणि तिथे 'गाडी उभी करा' असं लिहिलं. दोन महिने ज्याची वाट पाहत होते ते लिहायला मिळालं, ते तुझ्या गाडीवर. मला आनंद झाला नाही. (थोडा झाला.)

पत्र तरीही पाठवतेय. चार पानं लिहिली आहेत, फाडायचं जिवावर येतं, आणि फोनवर तू 'बरं बरं' म्हणालास तरी किल्ली बायकोजवळच असलेली बरी. उद्या लेक दोर घेऊन येतोय, त्याच्या शेजारी मी बसून येतेय. दिव्यावरची पट्टी काढू नकोस. मीही बादली अजून धुतलेली नाही, तशीच घेऊन येते. मी तुझी पट्टी बघते, तू माझी बादली बघ. सासुरवाडीला बोलावायची गरज नाही.